वाचकांचे प्रश्न : मोटारीत मुलांना कसे बसवावे?

मागच्या अंकात लहान मुलांना घेऊन प्रवास करण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर इंदूरच्या निरनिराळ्या वस्त्यांमधून बरीच पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक कार सीटविषयी, म्हणजे मोटारीत मुलांसाठी वेगळी बसवायच्या सीटविषयी होती. सारखे प्रश्न एकत्र करून, बालरोगतज्ज्ञ म्हणून मला जी माहिती खात्रीने देता येते ती पुढे देत आहे.

प्रश्न : माझ्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. मुलाने आत्तापासूनच बाळासाठी कार सीट आणून ठेवली आहे. रुग्णालयातून घर जेमतेम चार किलोमीटर आहे, मुलगा गाडी हळू चालवतो आणि मी मागे बसणारच आहे. तान्ह्या बाळाला पट्ट्यांनी बांधून आणण्यापेक्षा ते माझ्या मांडीवर असलेले बरे नाही का? (एक आजी, रामबाग)

उत्तर : आजी, बाळ आपल्या कुशीत असावे ही आपली इच्छा मी समजू शकतो आणि घरी पोहोचल्यावर ते दिवसभर आपल्याच कुशीत असू द्या. गाडीत मात्र त्याला सीटमध्येच ठेवावे, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर तीन किलोच्या बाळाचा भार त्या क्षणी हातांना सुमारे पस्तीस किलोंइतका जाणवतो आणि दहा किलोच्या मुलाचा शंभर किलोंच्या वर जातो. तो झटका इतका अचानक येतो की कितीही सावध माणसाला हात आवळायला वेळ मिळत नाही. शिवाय आपण स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर आपले शरीरही पुढे फेकले जाते आणि बाळ आपल्या व पुढच्या सीटच्या मध्ये दाबले जाते. आपला आणि बाळाचा मिळून एकच पट्टा लावणे त्याहून वाईट, कारण मग आपला सगळा भार पट्ट्यासह बाळाच्या पोटावर येतो. मुलगा गाडी हळू चालवतो हे चांगलेच आहे, पण समोरून येणाऱ्याचा वेग त्याच्या हातात नसतो.

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसात हेच प्रमाण एक अष्टमांशाच्या आसपास येते. बाळाच्या मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात आणि त्यांना धरून ठेवणारे स्नायूही कोवळे असतात, त्यामुळे एवढे जड डोके पुढे झेपावले तर मान ते सावरू शकत नाही. म्हणून बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावतात. समोरून धडक बसली की डोके, मान आणि पाठ ही तिन्ही एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर सगळीकडे वाटला जातो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमान यांनी १९६० च्या दशकात अशी पहिली सीट बनवली. अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती.

घरी आणताना दोन गोष्टी आपण स्वतः पाहाव्यात. बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवू नये. आधी साध्या कपड्यांवर पट्टे लावावेत आणि मग वरून दुपटे पांघरावे, नाहीतर पट्ट्याखालचे जाड कापड धडकेत दबते आणि बाळ सैल पडते. दुसरे म्हणजे, सीट सुमारे ४५ अंशांत रेललेली असावी. ती जास्त उभी झाली तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडखळू शकतो. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मले किंवा वजनाने फारच लहान असले, तर सोडण्यापूर्वी त्याला थोडा वेळ सीटमध्ये बसवून श्वास आणि प्राणवायूचे प्रमाण पाहून घ्या, असे डॉक्टरांना जरूर सांगावे. त्या सीटच्या पुस्तिकेत किमान किती वजन लिहिले आहे, हेही मुलाला आधीच वाचायला सांगावे. आपण बाळाशेजारी बसा, आपला पट्टा लावा आणि बाळाच्या हनुवटीवर लक्ष ठेवा. त्या प्रवासात या कामासाठी आपल्याइतके योग्य माणूस दुसरे नाही.

प्रश्न : दुकानात तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंतच्या सीट दाखवतात. एक विक्रेता म्हणाला की जन्मापासून बारा वर्षांपर्यंत एकच सीट चालते, तीच घ्या. नेमके काय पाहून निवड करावी? (एक वडील, विजयनगर)

उत्तर : किमतीकडे वळण्याआधी सीटच्या पाठीवर किंवा तळाशी चिकटवलेली मान्यतेची पट्टी पाहा. आपल्या बाजारातल्या बऱ्याच सीटवर नारिंगी रंगाची पट्टी असते. तिच्यावर वर्तुळात इंग्रजी ई हे अक्षर, त्याच्यापुढे मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक आणि आर ४४ हा नियम नोंदलेला असतो. या नियमात मुलांचे गट वजनावर ठरतात : १३ किलोंपर्यंत, ९ ते १८ किलो, १५ ते २५ किलो आणि २२ ते ३६ किलो. त्यानंतर आलेला आर १२९ हा नियम उंचीवर चालतो, बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी मागतो आणि १५ महिन्यांच्या आत मुलाचे तोंड पुढे करायला परवानगीच देत नाही. दोन्ही प्रकार समोर असतील आणि खिशाला परवडत असेल, तर मी दुसरा घ्यायला सांगेन. भारताचे स्वतःचे मानक एआयएस ०७२ या नावाने आहे. ज्या सीटवर यांपैकी काहीच लिहिलेले नाही, ती कितीही मऊ आणि देखणी असली तरी घेऊ नये. मुलाला केवळ उंच बसवणारी गादी आणि धडकेत धरून ठेवणारी सीट यांत फार फरक आहे.

जन्मापासून बारा वर्षांपर्यंतच्या सीटविषयी माझे मत अनुकूल नाही. ती सगळ्या वयांना चालते असे म्हणतात, पण नवजात बाळाला ती बहुधा फार मोठी आणि उभी पडते, त्यात मागे तोंड करून बसवण्याची मर्यादा लवकर संपते आणि मूल दहा वर्षांचे होईपर्यंत तिचे प्लॅस्टिकही जुने झालेले असते. माझ्या मते जन्मापासून १८ किलोंपर्यंतची, दोन्ही दिशांना बसवता येणारी एक सीट आणि त्यानंतर पाठ असलेला बूस्टर (मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा योग्य जागी आणणारी सीट), अशा दोन खरेदी बहुतेक कुटुंबांना पुरतात. मागे तोंड करून किती किलोंपर्यंत बसवता येते, हा आकडा विक्रेत्याला वेगळा विचारा, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले १८ किलो पुष्कळदा पुढे तोंड करण्याच्या स्थितीचे असतात.

सीट जितकी बाळाला, तितकीच गाडीलाही जुळायला हवी. हल्लीच्या बऱ्याच मोटारींत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या असतात. सीटचे हात त्यांत अडकवले की खटका बसल्याचा आवाज येतो आणि खूण हिरवी होते. पुढे तोंड असलेल्या सीटला याशिवाय टॉप टेदर नावाचा वरचा पट्टा असेल, तर तो गाडीच्या सीटमागच्या कडीत ताणून अडकवावाच लागतो. घाईत लोक नेमका तोच सोडून देतात. सीट नीट बसली म्हणजे पट्टा जाण्याच्या जागी धरून हलवल्यास ती एका इंचापेक्षा जास्त सरकत नाही. आयसोफिक्स नसलेल्या गाडीत सीट बेल्टने बसवलेली सीटही तितकीच उपयोगी ठरते, पण छोट्या गाड्यांचा बेल्ट कधी कधी बाळाच्या सीटभोवती पुरत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला ती आपल्याच गाडीत बसवून दाखवायला सांगावे. गाडीही नवी घ्यायची असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत मुलांच्या सुरक्षेला वेगळे तारे दिले जातात, तेही पाहून घ्या. दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बसवून ताशी ६४ किलोमीटर वेगाने ही धडक घेतात.

प्रश्न : आमची मुलगी एक वर्षाची झाली. मागे तोंड करून बसवल्यावर पाय गाडीच्या सीटच्या पाठीला लागतात, म्हणून सगळे म्हणतात की आता तिचे तोंड पुढे करा. तिलाही बाहेरचे दिसेल. करावे का? (एक आई, राजेंद्रनगर)

उत्तर : इतक्यात करू नये. आर ४४ नियमात ९ किलोंनंतर तोंड पुढे करता येते आणि आपली मुले साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास तितकी होतात, म्हणून हा सल्ला घरोघरी दिला जातो. पण मान तेवढ्यात पक्की झालेली नसते. सीटच्या कमाल वजनापर्यंत किंवा उंचीपर्यंत, जितके जमेल तितके दिवस मुलाला मागे तोंड करूनच बसवावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आणि माझाही तोच सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मध्यम वाढीचे मूल १३ किलोंना दोन वर्षे उलटून गेल्यावरच पोहोचते, म्हणजे १३ किलोंची मर्यादा असलेल्या सीटमध्येही आपल्या मुलीला वजनाच्या दृष्टीने बराच अवधी आहे. उंचीसाठी डोक्याकडे पाहावे. माथा सीटच्या वरच्या काठाच्या एक इंच खाली येईपर्यंत ती सीट चालते. पाय दुमडले जाण्याने काही बिघडत नाही, मुले एरवीही मांडी घालून किंवा उकिडवी बसतातच.

पट्ट्यांकडे मात्र महिन्यातून एकदा लक्ष द्यावे. मागे तोंड असताना पट्टे मुलाच्या खांद्यांच्या पातळीवरून किंवा किंचित खालून निघावेत. पुढे तोंड केल्यावर ते खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर हवेत. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहा : त्याची घडी चिमटीत आली तर तो अजून सैल आहे. इंदूरच्या थंडीतही जाड स्वेटर काढून मगच पट्टे लावावेत आणि शाल वरून घालावी.

प्रश्न : बाळाची सीट पुढे, माझ्या शेजारी लावली तर चालेल का? आणि कायदा काय म्हणतो? (एकट्याने गाडी चालवणारी आई, सुदामानगर)

उत्तर : ज्या जागेसमोर एअरबॅग चालू आहे, तिथे मागे तोंड असलेली सीट कधीही लावू नये. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत फुगते आणि थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. मागच्या सीटवर बाळ रडले तर गाडी कडेला थांबवून पाहावे, चालवता चालवता वळून पाहू नये. कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ बी आले आणि १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद झाली.

प्रश्न : पुतण्याची वापरलेली सीट मिळते आहे. घ्यावी का? (लोकमान्यनगर)

उत्तर : ती सीट अपघातात सापडलेली नाही हे घरातलेच माणूस ठामपणे सांगत असेल, पुस्तिका आणि सगळे पट्टे जागेवर असतील आणि सीटवर कोरलेल्या तारखेप्रमाणे तिची मुदत शिल्लक असेल, तर अवश्य घ्यावी. ही मुदत बहुधा सहा ते दहा वर्षांची असते. अनोळखी माणसाकडून, जाहिरात पाहून मात्र घेऊ नये, कारण धडकेत पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : मे महिन्यात सेंधवा, धुळे या मार्गाने पुण्याला जायचे आहे. मुलगा आठ महिन्यांचा आहे. एवढा वेळ तो सीटमध्ये कसा राहणार? (एक जोडपे, राऊ)

उत्तर : इंदूर ते पुणे हे अंतर सहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे, तेव्हा एका दिवसात पोहोचण्याचा हट्ट सोडून धुळ्याला किंवा नाशिकला मुक्काम करावा, हे मी आधी सुचवेन. दर दोन तासांनी, आणि तो कुरकुरला तर त्याआधीही, गाडी थांबवून त्याला सीटमधून काढावे, पाठीवर मोकळे निजवावे, पाजावे. चालत्या गाडीत पट्टा काढून पाजण्याचा मोह फार होतो आणि मानपूरच्या पुढे घाटात तर मूल हमखास रडते. तरीही धाब्यापर्यंत थांबावे. मुक्कामी पोहोचल्यावर तो सीटमध्येच झोपलेला असला तरी उचलून सपाट गादीवर ठेवावा.

उन्हात उभ्या गाडीत पट्ट्याचा धातूचा खटका इतका तापतो की कोवळ्या मांडीला चटका बसतो. उतरताना सीटवर पांढरी चादर टाकावी आणि बसवताना खटका आधी आपल्या हाताने पाहावा. मूल आत असताना मात्र सीटवर कापड टाकू नये, आतली हवा कोंडते. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या गाद्या आणि पट्ट्यांची जाड आवरणे सीटसोबत आलेली नसतील, तर लावू नयेत. आणि पाणी घ्यायला दोनच मिनिटे उतरायचे असले तरी मुलाला गाडीत एकटे सोडू नये : बाहेर ४० अंश असताना बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत आणखी सुमारे दहा अंशांनी चढू शकते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगाने तापते.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘बूस्टर बाळांचा असतो, मी नाही बसणार.’ नुसता सीट बेल्ट पुरेल का? आणि टॅक्सीत काय करायचे? (एक वडील, पलासिया)

उत्तर : मुलाला बूस्टरशिवाय बसवून पाहा. पाठ सीटला पूर्ण टेकल्यावर गुडघे सीटच्या काठावर वाकतात का, खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या मुळाशी राहतो का, वरचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधून जातो का आणि सगळा प्रवासभर तो असाच बसू शकतो का, हे पाहायचे. बहुतेक मुलांना हे सुमारे १४५ सेंटिमीटर उंची झाल्यावर, म्हणजे दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान जमते. सात वर्षांच्या मुलाच्या पोटावर पट्टा चढतो आणि धडकेत तोच आतड्यांना व यकृताला इजा करतो. त्याला कारण नीट समजावून सांगावे आणि पट्टा स्वतः लावायला शिकवावे. शेवटी खटका बसला का, हे आपण हात लावून पाहावे. वरचा पट्टा टोचतो म्हणून काखेखाली घेण्याची सवय मात्र लागू देऊ नये.

टॅक्सीसाठी पाठ नसलेला हलका बूस्टर पिशवीत नेता येतो, सात वर्षांच्या मुलाला तो पुरतो. टॅक्सी बोलावताना मागचे सीट बेल्ट चालू आहेत का, हे चालकाला फोनवरच विचारावे. बऱ्याच गाड्यांत आवरणाखाली बकल दडलेले असते आणि ते वर काढून द्यायला चालकाला दोन मिनिटे लागतात.