पिकअपमध्ये एटीव्ही रॅम्प लावून एकट्याने चढवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाडीवर वापरायला जुनी २५० सीसीची एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालवायची चार जाड चाकांची उघडी गाडी) घेतली आहे, ती स्वतःच्या बोलेरो पिकअपमधून घरी आणायची आहे, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून रॅम्प करून घेताय, आणि हे सगळं एकट्याने जमेल का.

जमतं. मी कितीतरी वेळा एकट्याने केलंय. तरी तुम्ही निदान पहिल्या चार-पाच खेपांना एक माणूस सोबत घ्याच. गाडी ढकलायला नको, तो बाजूला उभा राहून बघायला हवा. चढवताना तुमची नजर पुढे असते आणि गडबड होते ती मागे, रॅम्पवर.

मी कोकणात किनाऱ्याला राहतो. चार खोल्या भाड्याने देतो आणि पर्यटकांसाठी तीन एटीव्ही आहेत. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा धंदा बंद, मग तिन्ही गाड्या आतल्या गावात भावाच्या पडवीत जातात आणि दिवाळीच्या आधी परत येतात. दुरुस्तीच्या खेपा वेगळ्याच. गाड्या पासिंगच्या नाहीत, त्यामुळे दोन किलोमीटर न्यायच्या म्हटल्या तरी टेम्पोत टाकाव्या लागतात.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून जुन्या घराच्या दोन फणसाच्या फळ्या लावल्या. लाकूड दगडासारखं, मोडायचा प्रश्नच नव्हता, आणि मोडल्या नाहीतच. पुढची चाकं हौद्यात गेली, मागची फळीवर होती, आणि गाडी जरा अडली म्हणून मी अंगठ्याने थ्रॉटल दाबला. मागच्या चाकांनी फळी पाठीमागे भिरकावली. ती बघायला उभ्या असलेल्या पुतण्याच्या हातभर अंतरावरून गेली. एटीव्हीचं तोंड हौद्यात, बूड हवेत, मग धप्पकन खाली. मी पाठीवर आणि हँडल माझ्या छातीवर. दोन बरगड्या गेल्या. पुतण्याला काही झालं नाही, एवढंच नशीब.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: गाडी चढवायची कशी याची काळजी नंतर, आधी रॅम्प पिकअपला बांधा. रॅम्पची जीभ, म्हणजे वरच्या टोकाची पट्टी, हौद्याच्या काठावर नुसती टेकलेली असते. एटीव्ही सावकाश, एका चालीने चढत असेल तर तिचा भार खाली दाबतो आणि रॅम्प जागेवर राहतो. पण चाक पुढे जाण्यासाठी रॅम्पलाच मागे रेटत असतं. गचका दिला, चाक फिरलं किंवा पुढची चाकं हौद्याच्या काठाला अडली, की हा रेटा एकदम वाढतो आणि जीभ काठावरून निसटते. ते नेमकं घडतं तुम्ही सगळ्यात उंच असताना. स्वस्तातल्या बऱ्याच एटीव्हींची फक्त मागची चाकं ओढतात, म्हणजे सगळा रेटा शेवटपर्यंत रॅम्पवरच राहतो. तुमच्या गाडीला चारही चाकांचा ड्राइव्ह असेल तर तो लावूनच चढवा, पुढची चाकं हौद्यात पोचल्यावर ती ओढून घेतात.

म्हणून वेल्डिंगवाल्याला सांगा की प्रत्येक रॅम्पच्या वरच्या टोकाजवळ, दोन्ही बाजूंना एकेक मजबूत कडी हवी. तिथून साखळी किंवा रॅचेट बेल्ट (खटक्याने ताणायचा पट्टा) पिकअपच्या खाली चॅसीपर्यंत न्या आणि ताणून घ्या. बंपरला बांधू नका, दोरीच्या हुकालाही नको. चॅसीच. नायलॉनची दोरी ताणली जाते, तीही नको. बांधल्यावर रॅम्पला पायाने मागे खेचून बघा. बोटभर जरी सरकला तरी परत ताणा.

आता लांबी. इथे लोक हमखास कंजूषपणा करतात, कारण लांब रॅम्प ठेवायचा कुठे हा प्रश्न असतो. माझ्या पिकअपचा हौदा जमिनीपासून पावणेतीन फुटांवर आहे, तुमचा मोजून घ्या. त्या उंचीला सहा फुटी रॅम्प लावला तर चढ २७ अंशांचा होतो, आठ फुटी लावला तर २०, दहा फुटी लावला तर १६. आकडे कागदावर जवळचे वाटतात, पण सत्तावीस अंशांवर गाडीवर बसल्यावर समोर फक्त आभाळ दिसतं. शिवाय आखूड रॅम्पला वरच्या टोकाशी जो कोन होतो तिथे गाडीचं पोट अडकतं. पुढची चाकं आत, मागची रॅम्पवर, आणि मधला इंजिनाखालचा पत्रा काठावर टेकलेला. मग माणूस अंगठा दाबतो आणि पुढची गोष्ट वर सांगितलीच आहे. आठ फुटांपेक्षा कमी करू नका. बोलेरोचा हौदा नऊ फुटांचा असेल तर आठ फुटी रॅम्प एटीव्हीच्या बाजूला आडवे मावतात.

पण खरं सांगू का, रॅम्पवर पैसे घालायच्या आधी बांध शोधा. शेताचा बांध, जांभा भरायचा धक्का, गुरं टेम्पोत चढवायला बाजारात केलेला मातीचा चढ, काहीही. पिकअपची मागची चाकं खोलगटात आणि रॅम्पचं खालचं टोक उंचावर आलं की काम निम्म्याने सोपं होतं. एक फुटाचा फरक जरी मिळाला तरी आठ फुटी रॅम्पचा चढ वीसवरून तेराच्या आत येतो. भावाच्या घरामागे पाणंदीत अशी जागा आहे, तिथे मी डोळे मिटून गाडी उतरवतो. (मिटत नाही. बोलायची पद्धत.) फक्त पिकअप आडवी कलंडलेली नको. एक रॅम्प वर आणि एक खाली असेल तर ती जागा सोडून द्या.

रॅम्प बनवताना चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला लोखंडी पत्रा) घेऊ नका. वेल्डिंगवाला तीच सुचवेल, कारण त्याच्याकडे तुकडे पडलेले असतात. कोरडी असताना ठीक, पण ओल्या चिखलाच्या टायरला ती साबणासारखी होते. आडवे अँगल किंवा जाड जाळी मारून घ्या, चिखल खाली पडतो आणि टायरला धरायला कडा मिळते. रुंदी प्रत्येकी किमान एक फूट, आणि दोन्ही कडांना दोन इंच उंचीची पट्टी, चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून. वजनाचा हिशोब त्याला सांगा: २५० सीसीची गाडी दोनशे किलोच्या आसपास, वर तुम्ही सत्तर-ऐंशी. म्हणजे एका रॅम्पवर दीडशे किलो. पण गचक्यात ते दुप्पट होतं असं धरून प्रत्येक रॅम्प तीनशे-साडेतीनशे किलो सहज पेलेल असा करायला सांगा. तयार झाल्यावर दोन विटांवर ठेवून तीन-चार माणसं मधोमध उभी करा. फार लचकला तर खालून गज मारून घ्या.

जीभ हौद्याच्या पत्र्यावर पूर्ण टेकली पाहिजे. आपल्या पिकअपचा मागचा फाळका सोडला की सरळ खाली लोंबतो, त्यामुळे रॅम्प थेट हौद्याच्या काठावर येतो, हे चांगलं. फक्त बिजागरीच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर डुगडुगतो. माझा मेहुणा टेक्सासात असतो, त्याच्या पिकअपचा फाळका दोन वायरींवर आडवा थांबतो आणि लोक त्याच्यावरच रॅम्प लावतात. त्या फाळक्याची वजन पेलायची एक मर्यादा असते. तिकडचे व्हिडिओ बघून शिकत असाल तर हा फरक लक्षात ठेवा. तिकडचे घडीचे, कमानदार ॲल्युमिनियमचे रॅम्प मात्र झकास असतात, पोट टेकत नाही. परवडत असेल तर तेच घ्या.

पिकअप उभी करताना हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद आणि चारही चाकांना पुढून-मागून दगड. नुसता हँडब्रेक पुरत नाही. एटीव्ही चढताना पिकअपला पुढे ढकलते आणि मागचे पाटे दबले की हौदा इंच-दोन इंच खाली बसतो. त्यामुळे साखळी किंचित सैल पडते, म्हणून ती सुरुवातीलाच चांगली ताणलेली हवी. वाळूवर असाल तर रॅम्पच्या खालच्या टोकाखाली प्लायवूडचा तुकडा टाका, नाहीतर एक रॅम्प रुततो आणि दुसरा नाही. दोन रॅम्पमधलं अंतर आधी जमिनीवर टायरच्या मधल्या रेषेवरून मोजून घ्या. काही गाड्यांची पुढची आणि मागची चाकं एका रेषेत नसतात, तेव्हा दोन्ही मोजा.

जुनी गाडी आहे म्हणून ब्रेक आधी सपाटीवर तपासा. समुद्राजवळची गाडी असेल तर ब्रेकची केबल आतून गंजलेली असायची शक्यता मोठी. लिव्हर दाबला जातो पण सुटत नाही किंवा धरत नाही. कुठला लिव्हर पुढच्या चाकांचा आणि कुठला मागच्या, हेही तेव्हाच बघून ठेवा. ब्रेक धरत नसतील तर गाडीवर बसूच नका. पुढच्या बाजूला, केबिनच्या मागे चॅसीला चेन कप्पी (हाताने साखळी ओढून वजन खेचायचं यंत्र) अडकवा आणि बंद गाडी हळूहळू ओढून घ्या. वीस अंशांच्या चढावर दोनशे किलोची गाडी ओढायला सत्तर किलोच्या आसपास जोर लागतो, चेन कप्पीला ते काहीच नाही. साखळी ताणलेली असताना गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, लहान मुलं तर अंगणातच नकोत.

बसून चढवणार असाल तर हेल्मेट आणि बूट घाला. दहा फुटांसाठी हेल्मेट घालायला लाज वाटते, मलाही वाटायची. गाडी रॅम्पच्या सरळ रेषेत, चार-पाच फूट मागे आणा. लो गिअर असेल तर लो, नसेल तर पहिला. जरा उठून, छाती हँडलकडे झुकवा आणि अंगठा एकाच जागी धरून ठेवा. पळवत चढवायची नाही. मध्ये थांबायचंही नाही. पुढची चाकं काठावरून आत जाताना छोटा धक्का बसतो, तिथे अंग पुढे फेकलं जातं आणि अंगठा आपोआप दाबला जातो. एटीव्हीचा थ्रॉटल मोटरसायकलसारखा पिळायचा नसतो, अंगठ्याने दाबायचा असतो, त्यामुळे हा धोका जास्त. केबिनच्या मागच्या काचा अशाच फुटतात. किल स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) असेल तर मनगटाला अडकवा.

मध्येच इंजिन बंद पडलं तर उडी मारू नका. पुढे झुकलेले राहा, पुढचा ब्रेक धरा. गाडी मागे घसरत असताना मागचा ब्रेक करकचून दाबला तर ती उलटून तुमच्यावर येते. पुढच्या ब्रेकने सावकाश खाली येऊ द्या, पुन्हा सुरुवातीपासून चढवा.

हौद्यात गेल्यावर गिअरमध्ये टाकून पार्किंग ब्रेक लावा, पेट्रोलचा कॉक बंद करा. चार कोपऱ्यांना चार रॅचेट बेल्ट, पुढचे पुढे आणि मागचे मागे ओढणारे, शॉकॲब्सॉर्बर थोडे दबतील इतके ताणलेले. बेल्ट फ्रेमला किंवा ॲक्सलच्या हाताला अडकवा, सामान ठेवायच्या रॅकला नको. पाच-सात किलोमीटरवर थांबून परत ताणा, कारण पहिल्या खड्ड्यांत ते सैल होतातच आणि आपल्याकडे खड्ड्यांना तोटा नाही.

उतरवताना लोक निष्काळजी होतात, कारण घर आलेलं असतं. रॅम्प तसेच साखळीने बांधा, इंजिन चालू ठेवून रिव्हर्समध्ये हळूहळू खाली या, न्यूट्रलवर सोडू नका. वजन तेव्हाही पुढेच, म्हणजे केबिनकडे. मागे बघायला मान वळवली की हँडलही वळतं आणि चाक पट्टीवर चढतं, म्हणून मागचं बघायचं काम त्या सोबतच्या माणसाला द्या. आणि अंधार पडला असेल तर गाडी रात्रभर हौद्यातच राहू दे, सकाळी चहा पिऊन उतरवा.