ग्वाल्हेर, लष्कर भागातला जुना वाडा: दर्शनी दगडाचे पापुद्रे का सुटतात?

बहुतेक वेळा दोष दगडाचा नसतो, दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, नंतर भरलेल्या सिमेंटचा असतो. ग्वाल्हेरचा वालुकाश्म सच्छिद्र. भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या दरजांतून निघून जायची. सिमेंटने ती वाट अडली की ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि पापुद्रा उडतो. दगड त्याचे नैसर्गिक थर उभे राहतील असा बसवला असेल तर आणखी लवकर.

सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान 20-25 मिमी खोल मोकळी करून भिजवा. मग 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू भरा, आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. मे महिन्यात मात्र हे काम काढूच नका, उन्हाने चुना लवकर सुकतो आणि नीट न धरता भुसभुशीत होतो. वाडा वारसा यादीत असेल तर परवानगी आधी.