आरोपी ‘प्ली बार्गेनिंग’ करतोय. आम्हाला कोणी विचारणार की नाही?

प्रश्न : ट्रकच्या धडकेत आमचा तरुण मुलगा गेला. चालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली खटला चालू आहे. सरकारी वकील आणि आरोपीचे वकील ‘प्ली बार्गेनिंग’ (गुन्हा कबूल करून त्या बदल्यात भरपाई आणि कमी शिक्षेवर तोडगा) करणार असं कोर्टाच्या आवारात कानावर आलं. फिर्याद पोलिसांनीच दिलेली, त्यामुळे आम्हाला कोणी काही सांगत नाही. हे परस्पर होऊ शकतं का?
– एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर : परस्पर होता कामा नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (लागू १ जुलै २०२४) पीडिताच्या व्याख्येत कायदेशीर वारसही येतात. फिर्याद कोणाचीही असो, पीडित म्हणून तुमचा हक्क आहेच. मुलगा सज्ञान होता असं धरतो. बालक किंवा स्त्रीविरुद्धच्या गुन्ह्यात हा मार्गच नाही.

अर्ज आरोपीनेच, दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत, प्रतिज्ञापत्रासह करायचा असतो. तो स्वखुशीने केलाय ना, हे न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड विचारतात. तेव्हा तुम्हाला बाहेर थांबवलं तर घाबरू नका. मग तोडग्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या बैठकीची नोटीस सरकारी वकील, तपासी अंमलदार, आरोपी आणि पीडित या सगळ्यांना काढणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २९१ प्रमाणे कोर्टावर बंधनकारक आहे.

घोळ होतो तो इथेच. फिर्यादी पोलीस असला की आईवडील कागदावर फार तर साक्षीदार म्हणून दिसतात, तेही अर्धवट पत्त्यासह. नोटीस मग जाणार कुठे? म्हणून वाट न बघता कोर्टात अर्ज द्या : खटला क्रमांक, मयताशी नातं, पूर्ण पत्ता, मोबाइल आणि ‘कलम २९१ खालील नोटीस आम्हास मिळावी’ ही विनंती. एकेक प्रत सरकारी वकिलांना आणि पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख स्वतः बघत चला.

बैठकीत सही करण्याची सक्ती नाही. तोडगा मान्य नसेल तर तसं लेखी द्या. तोडगा निघालाच नाही, तर खटला अर्जाच्या वेळी होता तिथून पुढे चालतो. मान्य असेल तर भरपाईची रक्कम, तारीख आणि ती कशी द्यायची हे मसुद्यात नेमकं हवं. ‘यापुढे आमची कोणतीही मागणी राहिली नाही’ असं वाक्य दिसलं तर काढायला लावा. मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा वेगळा असतो, आणि विमा कंपनी तिथे हाच कागद पुढे करू शकते.

शिक्षेचं गणितही आधीच समजून घ्या. कलम १०६(१) ला कमाल ५ वर्षं आहेत, किमान मर्यादा नाही. तोडगा झाला तर त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे १५ महिने. आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल तर एक षष्ठांश, म्हणजे १० महिने. परिवीक्षेवरही, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडता येतं. मुलाच्या जिवाची किंमत दहा महिने, हे निकालाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकणं फार जड जातं. शिवाय या निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढेच मार्ग उरतात.

आरोपीने नुसता गुन्हा कबूल केला, तर ते प्ली बार्गेनिंग नव्हे आणि त्याला ही नोटीस लागत नाही. त्यामुळे कुठला अर्ज आला आहे हे रोजनाम्यात (कोर्टाच्या दर तारखेच्या कामकाजाची नोंद) बघा. नोटिशीशिवाय तोडगा झालाच असेल, तर निकाल, रोजनामा आणि नोटीस बजावणीचा अहवाल यांच्या प्रमाणित नकला आधी काढा आणि त्या घेऊन वकिलांकडे जा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.