जगाच्या इतिहासाला सर्वांत मोठी कलाटणी कोणत्या राजकीय हत्येनं दिली?

माझं मत साराजेव्होला, म्हणजे तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या बोस्नियातल्या शहरात झालेल्या हत्येला. २८ जून १९१४, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी.

मी साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. पाव्हणे गडावर गेले की खाली पार्किंगमध्ये तीन-चार तास मोकळे असतात, त्यात जे वाचून झालं तेवढाच माझा इतिहास. त्यामुळे या हत्येत माझं लक्ष गोळी झाडणाऱ्यापेक्षा ड्रायव्हरकडे जास्त जातं. त्याचं नाव लिओपोल्ड लोयका.

सकाळी नदीकाठच्या रस्त्यानं ताफा चालला होता. एकानं बॉम्ब फेकला. तो युवराजाच्या गाडीच्या दुमडलेल्या टपावर आपटून उडाला आणि मागच्या गाडीखाली फुटला. युवराज वाचला, टाऊन हॉलमध्ये सत्कारही झाला. मग तो म्हणाला, जखमींना बघायला दवाखान्यात जाऊ. म्हणून ठरलं की गावात न वळता नदीकाठानं सरळ जायचं. हे सगळ्या साहेबलोकांना माहीत, फक्त ड्रायव्हरांना कुणी सांगितलं नाही! पुढची गाडी आधी ठरल्याप्रमाणे लॅटिन पुलापाशी उजवीकडे वळली, लोयका तिच्या मागं वळला. गाडीत बसलेला गव्हर्नर पोटिओरेक ओरडला, रस्ता चुकला, थांब. गाडी थांबली आणि तिथंच, दोन पावलांवर, १९ वर्षांचा बोस्नियातला सर्ब पोरगा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. दोन गोळ्या, दोघंही गेले. (प्रिन्सिप तिथं सँडविच खायला थांबला होता, ही मागाहून चिकटवलेली गोष्ट आहे. फॉरवर्ड करू नका.)

आंबेनळी घाट उतरून वाडा-कुंभरोशीच्या फाट्यावर मी प्रतापगडाकडे वळत असतो आणि मागून आवाज येतो, 'अहो, आधी पोलादपूरला जायचं ठरलंय ना!' ठरलेलं असतं त्यांचं त्यांच्यात. पाय आपसूक ब्रेकवर जातो, मागून एसटी हॉर्न मारते आणि शिव्या मला पडतात. लोयकाची चूक काढणाऱ्यांनी एकदा तरी गाडीच्या पुढच्या सीटवर बसावं.

आता मूळ प्रश्न. माणूस मेल्यानं इतिहास वळतो असं मला वाटत नाही. पुढच्या दिवसांची तयारी कुणाची होती, ते बघायचं. सीझरला इ.स.पू. ४४ मध्ये मारणाऱ्यांकडे खंजीर होते, दुसऱ्या दिवसाचा बेत नव्हता. प्रजासत्ताक वाचवायला निघाले आणि १७ वर्षांत रोममध्ये ऑगस्टस सम्राट होऊन बसला.

याच्या अगदी उलट आमचा प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ला गडाच्या पायथ्याशी अफजलखान पडला, हे शाळेतलं पोरही सांगतं. पण खरी करामत शामियान्याच्या बाहेर आहे. जावळीच्या रानात फौजा आधीच दबा धरून बसल्या होत्या. गडावरून तोफेचा इशारा झाला आणि पार गावातल्या खानाच्या छावणीवर त्या तुटून पडल्या. तिथं महाराज थांबलेच नाहीत. १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात! गाडीत मी हे सांगतो तेव्हा लोक माना डोलावतात आणि परत वाघनखांवर येतात. चालायचंच.

साराजेव्होत तयारी मारणाऱ्यांची नव्हती, दुसऱ्यांचीच होती. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, काही मंडळींना शेजारच्या सर्बियाला धडा शिकवायचाच होता, त्यांना निमित्त मिळालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीनं 'काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत' असा शब्द दिला. २३ जुलैला ४८ तासांची मुदत घालून सर्बियाला खलिता गेला आणि २८ जुलैला ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं. मग रशिया, जर्मनी, फ्रान्स एकामागोमाग ओढले गेले आणि ४ ऑगस्टला इंग्लंडही उतरलं. गोळीपासून इथपर्यंत ३७ दिवस. यातल्या कुठल्याही दिवशी कुणीतरी ब्रेक दाबू शकला असता. लोयकानं दाबला होता, तोच नेमका नडला.

इंग्लंड उतरलं म्हणजे आपण उतरलो, आपल्याला विचारलं कुणी? मराठा पलटणी इराकात गेल्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापून खायची वेळ आली. आमच्याकडच्या पोरांना तर ते मांस तोंडात घालणं म्हणजे धर्मसंकटच. शेवटी जनरल टाऊन्शेंडनं शरणागती पत्करली, सुमारे १३,००० माणसं कैद झाली आणि त्यातली कितीतरी कैदेतच वारली.

सातारा तालुक्यात अपशिंगे म्हणून गाव आहे. घरटी फौजेत माणूस, म्हणून सगळे त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे तिथं. मागं पुण्याचं एक कुटुंब माझ्या गाडीत होतं. पाटी वाचून त्यांच्या मुलीनं विचारलं, 'काका, गावाच्या नावात मिलिटरी कशी?' मी म्हटलं, सांगतो, पण सुरुवात लांबून करावी लागेल. एक ड्रायव्हर होता, त्याला रस्ता बदललाय हे कुणी सांगितलंच नव्हतं.