मानेत गाठ नसताना मानेची शस्त्रक्रिया कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या जिभेच्या कडेची जखम महिनाभर भरली नाही. तुकडा काढून तपासल्यावर कर्करोगाचे निदान झाले. मानेत गाठ लागत नाही, तरीही डॉक्टर जिभेबरोबर मानेचीही शस्त्रक्रिया सुचवतात. ती आवश्यक आहे का? तुकडा काढल्याने रोग पसरतो, असेही नातेवाईक म्हणतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुकडा तपासल्याने हा रोग पसरत नाही, त्या तपासणीशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत, म्हणून ही भीती कृपया मनातून काढून टाका.

जिभेच्या कर्करोगाच्या पेशी मानेतील लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्स, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या लहान ग्रंथी) लवकर पोहोचतात आणि सुरुवातीला त्या हाताला किंवा सोनोग्राफीतही कळत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, तर गाठ दिसल्यावरच मानेची शस्त्रक्रिया केलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते. एवढा फरक पाहता डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा काही काळ आखडू शकतो; त्यासाठी फिजिओथेरपी लवकर सुरू करावी.

रेडिएशन लागेल की नाही, हे काढलेल्या भागाच्या अहवालावरून ठरते; त्या भागाच्या कडेवर रोग उरला असेल किंवा ग्रंथीचे आवरण भेदून तो बाहेर आला असेल, तर सहसा केमोथेरपीही जोडतात. रेडिएशनपूर्वी दात तपासून घ्यावेत. वडील तंबाखू किंवा मिश्री वापरत असतील, तर ती आजच बंद करावी.