वाचक विचारतात: रूडी व्हॅन गेल्डर यांचा स्टुडिओ

प्रश्न: ब्लू नोटच्या जुन्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन अगदी समोर उभा राहून वाजल्यासारखा येतो, पण पियानो डब्यात ठेवल्यासारखा. माझ्या स्पीकरमध्ये दोष आहे का?

स्पीकर बदलू नका. सॅक्स नीट आणि पियानो कोंदट, असं एकाच रेकॉर्डवर ऐकू येत असेल तर दोष मुद्रणातला आहे. ही तक्रार नवीही नाही. ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीच्या अनेक रेकॉर्ड मुद्रित करणारे ध्वनी-अभियंते रूडी व्हॅन गेल्डर यांच्या पियानोच्या मुद्रणावरून जॅझ ऐकणारे गेली कित्येक वर्षं भांडत आले आहेत. मधले सूर फुगलेले, वरचे कापलेले, हाताचा जोर सपाट झालेला. लिमिटरने, म्हणजे ठरलेल्या पातळीवरचा आवाज रोखणाऱ्या यंत्राने, जोरकस आघात दाबला की पियानोची निम्मी जान जाते. सॅक्सला तेवढाच दाब उलट मानवतो, कारण फुंकेचे बारकावे वर येतात.

टोन कंट्रोलवर इलाज करायचाच असेल तर ३०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोनेक डेसिबल कमी करून पाहा. पियानो मोकळा होईल. मात्र टेनर सॅक्सचं अंगही त्याच पट्ट्यात असल्याने तो बारीक होईल. आमचं मत विचाराल तर पियानो तसाच राहू द्या.

प्रश्न: घरच्या खोलीत टेनर सॅक्सचं मुद्रण करतो. माईक व्हॅन गेल्डर यांच्यासारखाच जवळ लावला, तरी आवाज खोलीत कोंडलेलाच येतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा चूक माईकची नसते, छताची असते. इथे थोडं गणित करू.

व्हॅन गेल्डर १९५९पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकन्सॅकमध्ये आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात मुद्रण करत. दिवसा त्यांचा व्यवसाय चष्म्यासाठी डोळे तपासण्याचा होता. त्या वर्षी त्यांनी एंगलवूड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ उघडला. लाकडी कमानींवर पेललेलं त्याचं छत शिखराशी ३९ फूट उंच आहे. आवाजाला एक फूट जायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो. सॅक्स आणि माईक जमिनीपासून चार फुटांवर, आणि दोघांत एक फुटाचं अंतर धरा. दहा फुटी छताच्या खोलीत छतावरून परतणारा आवाज सहा वर, सहा खाली असा बारा फूट फिरून येतो, म्हणजे मूळ आवाजाच्या जेमतेम १० मिलिसेकंद मागे. कानाला तो वेगळा कळत नाही. तो मूळ सुरात मिसळून त्याचा रंग बिघडवतो, आणि तुम्ही ज्याला कोंदटपणा म्हणता तो हाच. तेच छत ३९ फुटांवर असेल तर आवाज सत्तर फूट फिरून ६० मिलिसेकंदांनी, आणि खूपच क्षीण होऊन परततो. तेव्हा तो रंग बिघडवत नाही, सुरामागे रेंगाळणारी आस म्हणून राहतो.

तुमचं छत उंच होणार नाही, पण नाहीसं करता येईल. वादकाच्या आणि माईकच्या डोक्यावर जाड रजई दुहेरी घडी करून, छतापासून वीतभर खाली ताणून बांधा. भिंतीला चिकटून बसू नका. जमीन उघडी असेल तर गालिचा पसरा.

माईक मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या, रचनेवर. अंतर ३० सेंटिमीटर. रोख थेट भोंग्यात नको. भोंग्याची कड आणि डाव्या हाताच्या खालच्या कळा यांच्या मधे हवा. सॅक्सचे बहुतेक सूर बाजूच्या भोकांतून बाहेर पडतात, भोंग्यातून प्रामुख्याने सगळ्यात खालचे एकदोन. भोंग्यात माईक खुपसला की तेवढे सूर बदकासारखे ओरडतात आणि बाकीचे रोडावतात. माईकवर १० डेसिबलचा पॅड, म्हणजे पातळी घटवणारं बटण, असेल तर लावा. न्यूमन यू ४७ या माईकवरसुद्धा इतक्या जवळून आवाज फुटायचा. म्हणून व्हॅन गेल्डर यांनी रेन नार्मा या अभियंत्याकडून आपल्या माईकमध्ये बदल करवून घेतले होते. फेअरचाइल्ड ६६० हा गाजलेला लिमिटरही याच नार्मांच्या डोक्यातून आलेला.

जवळच्या माईकमुळे खालचा भाग फुगतो. ८० हर्ट्झखाली कापून टाका, टेनरचा सगळ्यात खालचा सूर त्याच्या वरच आहे. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सावरणारं साधन) ४:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) २५० च्या आसपास, काटा तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त हलता कामा नये. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलला थांबेल. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम आस, शेवटी घाला: प्लेट प्रकारचा, दीड सेकंद, २५० हर्ट्झखालचं कापून. असताना जाणवू नये आणि बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं, इतकाच.

आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. वादक डुलतो. ३० सेंटिमीटरवरून तो १५ वर झुकला की पातळी सहा डेसिबलने उसळते, आणि ते कॉम्प्रेसरने झाकलं तर श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून पाय तिथे ठेवायला सांगा. दोन वादक असतील तर दुसऱ्याचा माईक निदान ९० सेंटिमीटर दूर हवा, पहिल्या अंतराच्या तिप्पट. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये थोडा सांडणारच. एका खोलीत, एका वेळी वाजवल्याची खूण तीच.

प्रश्न: व्हॅन गेल्डर यांच्या स्टिरिओ रेकॉर्ड हेडफोनवर विचित्र वाटतात. एक वाद्य पूर्ण डाव्या कानात, दुसरं पूर्ण उजव्या. मोनो घ्यावी का?

हेडफोनवर ऐकणार असाल तर हो. वाद्यं डावीकडे, उजवीकडे आणि मधे अशा तीन जागांवरच बसवलेली असत, अधल्यामधल्या छटा नाहीत. खोलीत स्पीकरवर ऐकताना दोन्ही बाजू हवेत मिसळतात, तेव्हा तेवढं खटकत नाही.

मात्र १९५८नंतरची मोनो म्हणजे वेगळं मुद्रण असं समजू नका. ब्लू नोटसाठी त्यानंतर दोन ट्रॅकची टेप एकत्र करूनच मोनो कापली जाई. म्हणजे अॅम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलंत की जवळपास तेच मिळतं, आणि खऱ्या मोनो रेकॉर्डवर तेच बटण दाबलं तर सुईच्या वरखाली हालचालीतून येणारी खरखर बरीच कमी होते.

प्रश्न: कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओही असाच होता का? तिथे मुद्रित झालेल्या माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूबरोबर वाजवताना माझा ट्रम्पेट सुरात लागत नाही.

तो मॅनहॅटनमधला, पूर्वीच्या चर्चच्या इमारतीतला. तिथली आस कितीतरी लांब. तुमचा ट्रम्पेट बरोबर आहे. २ मार्च १९५९च्या बैठकीत मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढा येतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या. १९९२मध्ये दुसऱ्या मशीनवरच्या टेपवरून ही चूक सुधारली गेली, तेव्हा त्यानंतरची प्रत घ्या. जुनीच असेल तर टर्नटेबलचा वेग पियानो तुमच्याशी जुळेपर्यंत किंचित खाली आणा, आणि रेकॉर्ड उलटल्यावर पूर्ववत करायला विसरू नका.

प्रश्न: जुनी ब्लू नोट विकत घेतोय. विक्रेता म्हणतो, आत 'आरव्हीजी' कोरलंय, म्हणजे पहिली आवृत्ती. खरं का?

अर्धवट. लेबलाच्या कडेला जिथे खाचा संपतात, त्या गुळगुळीत पट्ट्यावर टॉर्च तिरका धरा. 'आरव्हीजी' (रूडी व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरं) किंवा 'व्हॅन गेल्डर' ही रोमन अक्षरं इतकंच सांगतात की चकतीची मूळ कापणी त्यांच्या हातची. लिबर्टी कंपनीने १९६५मध्ये ब्लू नोट विकत घेतली, आणि नंतरच्या अनेक प्रती त्याच जुन्या धातूच्या साच्यांवरून निघाल्या. अक्षरं तीच, प्रत उशिराची. म्हणून त्याच पट्ट्यावर कानाच्या आकाराची छोटी, हाताने ओढल्यासारखी खूण शोधा. ती ब्लू नोटच्या रेकॉर्ड छापणाऱ्या प्लॅस्टिलाइट कारखान्याची, आणि ब्लू नोटवर ती १९६६पर्यंतच मिळते. लेबलावर लिबर्टीचा उल्लेख असेल तर प्रश्नच मिटला, प्रत उशिराची. प्रेस्टिज किंवा इम्पल्स या इतर कंपन्यांच्या रेकॉर्डवर मात्र हा कान शोधत बसू नका.

कान सापडला तरी पैसे देण्यापूर्वी बाजूची शेवटची रचना ऐका. व्हॅन गेल्डर खाचा दणकट पातळीवर कापत, आणि त्या काळचे जड टोनआर्म आतल्या अरुंद वळणांवर त्या खरवडत. ट्रम्पेटचा उंच सूर तिथे फाटका येत असेल तर रेकॉर्ड कितीही धुतली तरी तो सांधला जाणार नाही.