कर्नल ड्रायव्हरमध्ये कास्ट टाकून वॉर्निंग गेली, ड्रायव्हरही नीट चालतो, तरी पॅच पाठवायचा का?

पाठवा. आणि तो कास्ट काढूनच पाठवा. तुम्ही लिहिलंय की फील्ड यू३२ चं (४ बाइटचा आकडा) आहे, फंक्शनला अनसाइन्ड लाँग या वेगळ्या टाइपचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, लागतो, म्हणून मध्ये कास्ट टाकला, म्हणजे कंपायलरला तो टाइप बळजबरीने मानायला लावला, आणि बोर्डावर सगळं व्यवस्थित चाललंय, तर एवढ्याशा गोष्टीचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, कर्नलच्या लोकांना पाठवला तर लोक हसतील का. कोणी हसत नाही हो. नेमका हाच बग आहे.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एनर्जी मीटरच्या गेटवेवर काम करतो. आधीच्या कंपनीत आमचा ड्रायव्हर कित्येक वर्षं ३२ बिट एआरएम प्रोसेसरवर बिनबोभाट चालत होता, मग बोर्ड बदलला, ६४ बिट आला, कोड तोच उचलून नेला. साइटवर लावल्यावर तक्रार आली की मोटर चालू आहे, व्होल्टेज बरोबर येतंय पण करंट शून्य, किलोवॅट पण शून्य. आता करंट शून्य म्हटल्यावर पहिला संशय कोणावर जाणार, वायरिंगवर. आमचे पॅनेलचे वायरमन काका, ज्यांचा हात असा की ड्रॉइंग न बघता टर्मिनल सांगतील, त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं की सीटी, म्हणजे करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर, नीट लावला नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी क्लॅम्प मीटर लावून दाखवलं, सीटीच्या सेकंडरीत दोन अँपिअर, रेशो ४००/५ म्हणजे ८० नी गुणायचं, १६० अँपिअर, मोटरला साजेसंच. तरी कोणी ऐकेना.

मी ड्रायव्हर उघडला. स्ट्रक्चरमध्ये सॅम्पलिंग इंटरव्हल यू३२, त्याला चिकटून खाली सीटी रेशो, तोही यू३२. इंटरव्हल सिसएफएसमधून (ड्रायव्हरच्या सेटिंग्ज फाइलसारख्या दिसतात ती जागा) लिहिला की केस्ट्रटूयूएल या कर्नलच्या फंक्शनने स्ट्रिंगचा अनसाइन्ड लाँग आकडा व्हायचा, आणि त्याला इंटरव्हलचा पत्ता अनसाइन्ड लाँगचा कास्ट मारून दिलेला. ३२ बिटवर लाँग ४ बाइटचा, सगळं मापात. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा. ऑपरेटरने इंटरव्हल १००० टाकला की मेमरीत ई८ ०३ ०० ०० जायचं ते बरोबर, पण पाठोपाठ अजून चार शून्य बाइट जायचे, ते थेट सीटी रेशोवर. ८० चा झाला शून्य, आणि शून्याने काहीही गुणलं की शून्य. मी फक्त त्या फंक्शनच्या आधी आणि नंतर रेशो प्रिंट केला, आधी ८०, नंतर ०, तिथेच विषय संपला. लॅबमध्ये हे कधी दिसलंच नाही कारण टेस्टची स्क्रिप्ट आधी इंटरव्हल लिहायची आणि मग रेशो, म्हणजे पुसलेलं परत भरलं जायचं. साइटवर मात्र ऑपरेटर इंटरव्हल नंतर बदलायचा.

आता ऐका, कंपायलरने हे ओरडून सांगितलं होतं. पॉइंटरचा टाइप जुळत नाही ही वॉर्निंग आली होती आणि आमच्या लीडनी कास्ट टाकून ती घालवलेली. मी रिव्ह्यूत हरकत घेतली होती, तेव्हा उत्तर मिळालं, ‘चाले छे ने, तो चालवा दो.’ तोंड कंपायलरचं दाबलं आणि बुक्क्यांचा मार खाल्ला काकांनी. म्हणून तुमच्या प्रश्नातलं ‘नीट चालतो’ वाचून मला राहवलं नाही. चालतो हा काही पुरावा नाही. कर्नलच्या लोकांना हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच तर जिफीज हा वेळ मोजणारा काउंटर शून्यापासून सुरूच करत नाहीत. एचझेड, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा वाढतो ते, १००० असेल तर ३२ बिटचा काउंटर ४९.७ दिवसांनी गुंडाळतो, म्हणजे भरून परत शून्यावर येतो, तेवढा वेळ टेबलावर कोण थांबणार, म्हणून तो मुद्दाम असा सुरू करतात की बूटनंतर पाच मिनिटांतच गुंडाळेल आणि कच्चा कोड तिथेच उघडा पडेल. वॉर्निंग दाबणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

दुरुस्ती म्हणाल तर सोपी आहे, थेट यू३२ मध्ये लिहिणारं केस्ट्रटूयू३२ वापरा, कास्ट उडवा, रिटर्न व्हॅल्यू तपासा. स्ट्रक्चरची मेमरीतली मांडणी दाखवणारं पाहोल हे टूल चालवून बघा, तुमच्या फील्डनंतर काय बसलंय ते ऑफसेटसकट दिसेल. नंतर नुसतं पॅडिंग, म्हणजे रिकामी सोडलेली जागा, असेल तर आज काही होणार नाही, उद्या तिथे कोणी नवीन फील्ड टाकलं की त्याचा बळी. कासान या कर्नलच्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलच्या भरवशावर राहू नका, एकाच ऑब्जेक्टच्या (एकदम घेतलेल्या मेमरीच्या तुकड्याच्या) आतलं हे पुसणं त्याला दिसत नाही, तो ऑब्जेक्टच्या बाहेर गेलं की पकडतो.

कमिट मेसेजमध्ये ‘वॉर्निंग काढली’ असं लिहू नका प्लीज, त्याने महत्त्वच जातं. किती बाइट लिहिले जातात, ६४ बिटवर कुठलं फील्ड पुसलं जातं, वापरणाऱ्याला काय दिसतं हे लिहा. ज्या कमिटने कास्ट आणला तो सांगणारा फिक्सेस टॅग, त्यात त्या कमिटच्या हॅशची (ओळख क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं, आणि जुन्या कर्नलमध्येही दुरुस्ती जावी म्हणून स्टेबलच्या लिस्टला सीसी.

एक राहिलं, सगळीकडे यू३२ करत सुटा असं मी म्हणत नाहीये. बिटमॅपच्या (एकेक बिट तपासणाऱ्या) फंक्शन्सना खरंच अनसाइन्ड लाँग लागतो, तिथे रजिस्टरची व्हॅल्यू लाँगच्या लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि त्याचा पत्ता द्या. आणि फील्ड जर युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, जाणाऱ्या हेडरमधलं असेल तर त्याच्या टाइपला हात लावू नका, आयओसीटीएलच्या (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला द्यायच्या कमांडच्या) नंबरात स्ट्रक्चरची साइझ धरलेली असते, ती बदलली की कमांडचा नंबरच बदलतो आणि जुने प्रोग्रॅम एररवर पडतात. तुमचं फील्ड कुठल्या प्रकारातलं आहे ते प्रश्नात कळत नाही, स्ट्रक्चर आणि पाहोलचं आउटपुट प्रश्नात जोडा, मी बघून सांगतो.